तात्पुरतं गोदाम

प्रिय चिमणे,

बोगद्याविरुद्धच्या तुझ्या सभेचा व्हिडिओ तुझ्या वहिनीनं मला जेवताना दाखवला आणि मी भरल्या ताटावरून उठलो. 'माझा सख्खा भाऊ त्या गोदामात कामाला आहे, तोच सांगतो की अणुकचऱ्याची पिंपं तिथेच सुरक्षित आहेत,' असं तू ठणकावून सांगितलंस आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अगं बाई, हे मी कधी म्हणालो होतो? आईच्या आजारपणात, तिच्या उशाशी बसून, तिचा घोर कमी व्हावा म्हणून. तेव्हा ते खरंही होतं. पिंपं नवी होती आणि कचरा कायमचा पुरायचा डोंगरातला बोगदा तयार होईपर्यंतच इथे राहायची होती.

तो बोगदा काही झाला नाही. आधी एका गावानं नको म्हटलं, मग दुसऱ्यानं, आता तुझ्या गावानं. वीज सगळ्यांना हवी, अणुभट्टीचा कचरा मात्र शेजाऱ्याच्या दारात. तो शेजारी मी आहे, हे तू साफ विसरलीस. इकडे साहेब पाहणीला येणार म्हटलं की आमची 'तात्पुरतं गोदाम' ही पाटी नव्यानं रंगवतात. पहिला रंगारी म्हातारा झाला, आता त्याचा मुलगा रंगवतो! समिती येते, चहा पिते, आणखी अभ्यास हवा म्हणते आणि जाते. पहारा, मोजणी, डागडुजी यांवर पाण्यासारखा पैसा चाललाय, आणि कचरा जागचा हललेला नाही. कपाळ माझं!

तुझी भीती मला कळत नाही असं नाही. तुझ्या शाळेमागच्या झऱ्याचं पाणी पोरं पितात, आणि बोगद्यात कधीच काही होणार नाही असं मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण इथेही खाली नदी आहे, आणि तिचं पाणी माझी नात पिते. तुझ्याच कडेवर बसून तिनं पहिला दात दाखवला होता.

चिमणे, गेल्या आठवड्यात एका पिंपाच्या जोडाला बारीक चीर दिसली. गळती अजून नाही. वरिष्ठ म्हणतात, दुरुस्त करू, बोभाटा नको. बोगद्याबद्दलच्या सोमवारच्या सुनावणीला तुझ्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलंय. पिंपं इथेच सुरक्षित आहेत, एवढंच त्यांना माझ्या तोंडून हवंय. ते मी म्हणणार नाही. मी चिरेबद्दल सांगणार आहे, मग नोकरी गेली किंवा तू अबोला धरलास तरी. हे तुला भर सुनावणीत कळू नये म्हणून लिहिलं. एवढंच कर, त्या दिवशी पहिल्या बाकावर बसू नकोस. तू समोर असलीस की तुझीच बाजू घ्यायची मला लहानपणापासून सवय आहे.

चिडलेला, तरी तुझाच,
दादा