साडूच्या शोकसभेची तयारी

२ मार्च, सकाळी
काल ऑफिसात माझा निवृत्तीचा निरोप समारंभ. हार गळ्यात असतानाच साडू माइकवरून म्हणाला, आता हा दोन-चार वर्षांचा पाहुणा! सगळे हसले. बायकोसुद्धा. साडू माझ्याहून वर्षाने मोठा. ठरलं. याच्यामागे मी जगणार आणि याच्या शोकसभेत भाषण मीच ठोकणार.

३ मार्च
शास्त्र सापडलं. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणं असतात. पेशी विभागली की ती झिजतात. फार झिजली की पेशी म्हातारी. म्हणजे टोपणं लांबवली की काम फत्ते! कॅप्सूल मागवल्या. बायकोला व्हिटॅमिन सांगितलं.

१९ मार्च
फॅमिली डॉक्टर म्हणतात, कॅप्सूलने आयुष्य वाढतं याला पुरावा नाही. चाला, झोपा, डोक्याला ताप करून घेऊ नका. डॉक्टरांना टक्कल आहे. त्यांचं काय ऐकायचं?

५ एप्रिल
भाषणाचा मसुदा तयार. 'साडूंनी उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही. तेवढे कष्ट घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.' मोठ्याने वाचलं. फार बरं वाटलं. उद्यापासून पहाटे धावणार.

६ एप्रिल
आभाळ आलं होतं.

२० मे
मास्टरस्ट्रोक! साडूला वाढदिवसाला टेलोमिअर चाचणीचा किट दिला. दोघांची थुंकी लॅबला रवाना. रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचायचा. थोबाड बघण्यासारखं होईल.

१८ जून
माझ्या पेशींचं वय बहात्तर. साडूच्या एकावन्न. सगळ्यांसमोर वाचलं. त्यानेच. लॅब भिकार आहे.

१९ जून
डॉक्टर म्हणाले, या एका चाचणीवर जाऊ नका. पण मनात डूख धरला असेल तर सोडा, ताणानेही टोपणं झिजतात म्हणतात. म्हणजे मी झिजतोय तोही साडूमुळेच! नाइलाज आहे. जगण्यासाठी हरामखोराला माफ करावं लागणार. तात्पुरतं.

२२ जून, संध्याकाळी
इस्त्रीचा शर्ट घालून माफ करायला गेलो. साडू कुंड्यांना पाणी घालत होता. म्हटलं, माइकवर जे बोललास ते मी पोटात घातलं. म्हणाला, कधी बोललो? शब्दन् शब्द ऐकवला. त्याला आठवेना. मेव्हणीला हाक मारली, तिलाही आठवेना. घरी येऊन बायकोला विचारलं. म्हणाली, हॉलचा पंखा बंद होता एवढंच आठवतंय.

शेवटी साक्षीसाठी हेडक्लार्कला फोन लावला. पंचवीस वर्षं शेजारच्या टेबलावर होता. त्याने विचारलं, कोण बोलतंय? नाव सांगितलं. टेबलही सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, कोण?