कावेरीत गेलेल्या पट्ट्या

प्रिय मामा,

हे पत्र मी टाळत होतो. पेन हातात घेतलं की पायात चप्पल चढायची आणि मी तिरुनागेश्वरमपर्यंत चालत जाऊन यायचो. आज लिहितोय, कारण परवा तंजावरला माझी पहिली मॅच आहे आणि तुम्ही मरून बसलात. राग आलाय मला तुमचा.

छातीत दुखतंय हे का नाही सांगितलंत? माझ्या ठोशांसाठी कोंड्याचं पोतं चिंचेला टांगताना मध्येच खाली बसलात. विचारलं तर म्हणे, "गॅस आहे रे. पोत्याकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस?" फौजेत बॉक्सिंग केलेल्या माणसाला गॅस आणि कळ यांतला फरक कळू नये?

घरातून पळालेल्या मला मदुराईच्या लॉरीशेडमधून कान धरून आणलंत, तेव्हा मी मागितलं होतं का बॉक्सिंग? मी तिथे मजेत होतो. म्हणजे उपाशी होतो, पण मजेत. तिथला एक कुत्रा फक्त इडली खायचा. ते राहू दे.

दुसरा राग तुमच्या बहिणीवर. दहाव्याला तुमचे वापरलेले कपडे कावेरीत सोडले. माझ्या हाताच्या पट्ट्या दोरीवर वाळत होत्या, तुमची नेसून जुनी झालेली वेष्टी फाडून केलेल्या. आईने त्याही गाठोड्यात घातल्या. "गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवायचं नसतं," म्हणाली. आता ग्लोव्ह्जच्या आत काय बांधू? दुकानातली पट्टी मनगटावर सरकते, हे तुम्हीच सांगायचात ना?

आणि माझ्या कोपऱ्यात कोण उभं राहणार? "मी मराठीतून ओरडेन," म्हणाला होतात. "समोरच्या पोराला आणि त्याच्या मास्टरला एक अक्षर कळायचं नाही. आपली भाषा घराबाहेर कधी कामाला आली नाही, तिथे येईल." सगळा बेत त्यावर रचलात आणि निघून गेलात! दमलो की माझा डावा हात खाली येतो. "डावा वर, रेड्या" असं आता कोण म्हणणार?

मॅचला जायचंच नाही, असं काल ठरवलं. मदुराईला जायला पिशवी भरली. ती अजून दाराशीच आहे. वचन एवढंच देतो: रिंगमध्ये उतरलोच, तर डावा खाली येणार नाही.

थांबा, कुणीतरी आलंय.

मामी! वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही, असं आईने तिला बजावलंय, आणि ती भर दुपारी गल्लीतून एकटी चालत आलीय. बॉक्सिंगचं नाव काढलं की ताट आपटणारी मामी. काखेत दिवाळीला तुमच्यासाठी घेतलेली कोरी वेष्टी. आईला म्हणते, "ही त्यांनी नेसलीच नाही. ही कशी गेलेल्या माणसाची?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उभी फाडू की आडवी? आणि ओरडायचं काय असतं, तेही सांगून ठेव."

पट्ट्या फाडायला बसतो.

तुमचा,
रघू