बाबांचा फिश टँक बिलासपूरले

आई,

घाबरू नको, चोरी झाली नाही. बाबांचा फिश टँक मीच उचलून नेला.

टँक विकायच्या जाहिरातीत आपण ठळक लिहिलं होतं, काचेचं सामान आहे, घरी येऊन घेऊन जा. तरी तो घेणाऱ्या बिलासपूरच्या दीदी म्हणाल्या, "भैया, कूरियर कर दो ना," अन् तू हो म्हणून मोकळी झाली. तुले कोणालेच नाही म्हणता येत नाही. पंडरीच्या कूरियरवाल्याले मी फोटो दाखवला. तो म्हणे, "पहुँच जाएगा, कितने टुकड़ों में, ये मत पूछो." दीदींच्या पायाचं ऑपरेशन झालं आहे, त्या येऊ शकत नाहीत. म्हणून टँक मांडीवर घेऊन मीच गाडीने चाललो. डब्यात कोणी काचेमागे मलेच मासा समजून मुरमुरे टाकले तर खाऊन घेईन.

तू काल केलेलं पॅकिंग मात्र मी उघडलं. काच फुटू नये म्हणून तू आत बाबांचा निळा स्वेटर कोंबला होता. काहून, ते विचारत नाही. टँक विकायचं आपण दोघांनी ठरवलं, ते ठीक. पण स्वेटरचं काही ठरलं नव्हतं. त्याच्या जागी मी माझी उशी घातली आहे. दीदींना सांगेन, टँकसोबत फ्री आहे.

स्वेटर आता माझ्या अंगात आहे. बाह्या बोटांच्या पुढे जातात, पण ऊब चांगली आहे. संध्याकाळी आम्ही दोघंही जेवायले घरी येऊ.

धम्मदीप