खुळखुळ्याचा इशारा पाठवण्यासाठी बंद ईमेल खाते आजच उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ईमेल सेवा कक्ष, दुसरा मजला

विषय : बंद केलेले खाते केवळ एका ईमेलपुरते उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचे कालचे लेखी उत्तर.

महोदय,

१. मी लाकडी खेळणी विकते. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. लेथवर धाकटे दीर, रंगाला जाऊ. गिऱ्हाईक वाढेना, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, खुळखुळा फुकट ठेवू. जो स्वतःचा ईमेल देईल आणि पाच ओळखीचे आणेल, त्याला घरपोच." योजना हां हां म्हणता पसरली. लोकांनी मावसभाऊ, जुने साहेब, अबोला धरलेले शेजारी, सगळ्यांचे पत्ते भरले. ज्यांचा खुळखुळ्याशी काही संबंध नव्हता ते वैतागले, त्यांनी तक्रारी केल्या आणि आपण आमचे खाते बंद केले. ते योग्यच झाले.

२. परंतु काल सकाळी जावेच्या मुलीने तोच खुळखुळा तोंडात घातला आणि टोकाची गोटी निसटून तिच्या घशात अडकली. जावेने तिला पालथी धरून पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा गोटी बाहेर पडली. दिरांनी शेडमधले उरलेले खुळखुळे तपासले. या खेपेचे लाकूड ओले होते; ते सुकले की गोटी सैल होते. असे शेकडो खुळखुळे घरोघरी गेले आहेत. कोणाकडे गेले, ते फक्त त्या बंद खात्यात आहे. पार्सलच्या चिठ्ठ्याही तिथूनच छापल्या होत्या. कुरियरवाले शोधून सांगतो म्हणाले, पण आठवडा लागेल.

३. मी तडक आपल्या कक्षात आले. 'खात्याविषयीची विनंती त्याच खात्यावरून ईमेलने करावी' असे उत्तर मिळाले. बंद खात्यावरून ईमेल कसा करायचा, असे मी खिडकीवरच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, नियमच तसा आहे."

४. आज मी त्यांच्यापुढे खुळखुळा आणि गोटी ठेवली. त्यांनी खुळखुळा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "हा आमच्याकडे आहे. नणंदेने मागवला होता." लगेच त्यांनी घरी फोन लावला. "आई, बाळाच्या हातातला खुळखुळा आधी काढून घ्या. गोटी आहे का त्याला? नीट बघा." गोटी जागेवर नव्हती. "रडतोय ना? रडू दे, आई. रडू दे." गोटी दुपट्याच्या घडीत सापडली. बाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, आणि हा कागद मला देऊन म्हणाल्या, "लिहा. आत मी स्वतः नेते."

५. त्या घरी फोन लागला. बाकीच्या घरांचे माझ्याकडे काहीच नाही. तरी खाते एका ईमेलपुरते उघडावे. ते नियमात बसत नसल्यास आपण आपल्या कक्षातून त्या यादीला एवढेच कळवावे : 'फुकट मिळालेला खुळखुळा बाळाच्या हातातून आत्ताच काढून घ्या. गोटी निसटते.' त्यानंतर खाते कायमचे बंद केले, यादी पुसून टाकली, तरी माझी हरकत नाही.

या अर्जाचे उत्तर कृपया ईमेलने देऊ नये. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले आहे.

आपली नम्र,
(सही)
खातेदार, लाकडी खेळणी
दि. ९ मार्च

सोबत : निसटलेली गोटी, बंद पाकिटात.