दहापैकी दोन

३ नोव्हेंबर
सरांनी आज भर राउंडमध्ये माझी फिरकी घेतली. "समीक्षा, तुझ्या पेशंटना ऑपरेशननंतर इतकं कसं दुखतं गं? सगळ्यांच्या नावापुढे नऊ, दहा, दहा! आपण टाके घालतो की सुतारकाम करतो?" सगळे खी-खी. मीही हसले, काय करणार! सर माझे गाईड. त्यांच्यावर रुसायचं ते एमएस झाल्यावर.

पण खरंच कळत नाही. माझ्या प्रबंधाचा विषय — पोटाच्या ऑपरेशननंतर होणारे त्रास. रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारायचं, वेदना दहापैकी किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. हे पहिल्या दिवशी एकदा भराभरा सांगून टाकते, मग रोज नुसतं "दहापैकी किती?"

चौथ्या खाटेवर शालूबाई. पित्ताशयाचं ऑपरेशन, दुर्बिणीतून. मांडी घालून चहात बिस्कीट बुडवत होत्या. "दहापैकी किती, मावशी?" "दहा वं माय! दहाच्या दहा!" — आणि हसल्या! असह्य वेदना, पण बिस्कीट काही चहात पडू दिलं नाही. मी दहा लिहिले आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. तेही त्यांनी हळदीकुंकवाचं वाण घ्यावं तसं घेतलं.

५ नोव्हेंबर
सकाळी साखरखेर्ड्याहून भिमाबाई आल्या. बेंबीच्या हर्नियात आतडं अडकून काळं पडलेलं. सरांनी तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली, मी मदतीला. आता सगळी भिस्त त्या जोडावर. तो टिकला तर बाई चालत घरी जातील. सुटला तर घाण पोटात, आणि मग काही सांगता येत नाही.

नवरा, सहदेवकाका, दारातच उभे. "वाचन ना बाई थे?"
"वाचतील, काका."
"वाचनच. मले एकट्याले सुखात ठेवून जायची तिची तयारीच नाई." म्हणाले आणि दुसरीकडे तोंड करून डोळे पुसले.

६ नोव्हेंबर
भिमाबाईंना विचारलं. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग म्हणाल्या — "दोन."

दोन! एवढं मोठं पोट उघडलं आणि दोन! बाई आहे की लोखंड! तिकडे शालूबाईंच्या चार भोकांना दहा! गंमत म्हणजे शालूबाईंनी भिमाबाईंकडे असं डोळे वटारून पाहिलं की बस्स.

७ नोव्हेंबर
भिमाबाई — दोन. शालूबाई — दहा, म्हणून त्यांची सुट्टी पुन्हा लांबली. धन्य!

८ नोव्हेंबर
राउंडला मीच पुढे होऊन सांगितलं — "भिमाबाई, दोन, सर!" जसं काही पोट माझंच. सर खूश. "बघा, असा पेशंट पाहिजे!" आणि गेले पुढच्या खाटेकडे. करिष्मा सिस्टर म्हणाली, नाडी जरा पळतेय हो यांची. मी म्हटलं, सरांना पाहून माझी पण पळते. हशा.

भिमाबाई हसल्या नाहीत. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. किती शांत पेशंट!

९ नोव्हेंबर
रात्रीचे अकरा वाजलेत. तरी लिहिते.

सकाळी वॉर्डात पडद्यामागे एकीचे टाके काढत होते. पलीकडून शालूबाईंचा आवाज. "काऊन वं भिमाबाई, रोज दोनच काऊन देते? बिचाऱ्या पोरीची परीक्षा हाय! नापास होईन ना थे! आमी साऱ्याजनी दहा-दहा देऊन राह्यलो, तुह्यानं पाच बी देवत नाई?"

आणि भिमाबाई, कण्हत — "पोटात आग पडली माह्या. इतकं दुखते तं जास्तीचे मार्क कायले देऊ? आज तं एकच देतो."

मार्क! ह्या बाया मला मार्क देत होत्या!

मीच तर सांगितलं होतं पहिल्या दिवशी — माझ्या परीक्षेसाठी विचारतेय, मदत करा. आणि विचारलं काय? "वेदनेची तीव्रता दहापैकी किती?" अगं, तू इकडचीच, सोनाळ्याची ना! आपल्याकडे कोणाला वेदना होतात? आपल्याकडे दुखते! सहा वर्षं पुण्यात राहून जिभेला इस्त्री मारून आलीस. त्यांच्या कानावर पडलं ते फक्त 'परीक्षा' आणि 'दहापैकी'. त्यांनी आपलं मोठ्या मनाने पास केलं मला.

धावले. पोटावर हात ठेवला. फळीसारखं कडक. अंग तापलेलं. काल पोटाला हातच लावला नव्हता मी — कागदावर दोन होते ना!

जोड सुटला होता. लगेच पुन्हा थिएटरमध्ये घेतलं. पोट धुतलं, आतड्याचं तोंड पोटावर काढून शौचासाठी पिशवी लावली. भिमाबाई आयसीयूत आहेत, घशात नळी. सरांनी शेवटचे टाकेही स्वतःच घातले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

१० नोव्हेंबर
सहदेवकाकांना सगळं सांगितलं. माझा घोळ, मार्कांचा, सगळा. वाटलं, आता आरडाओरडा करतील. करायलाच हवा होता. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याची नीट घडी केली. मग म्हणाले, "माह्या हातच्या चहाले बी तिनं कधी चारच्या वर नाई देल्ले, बाई. खोटं बोलनं येतच नाई तिले."

आणि दुपट्टा तोंडाला लावून रडले. मी बाजूला बाकावर बसून राहिले. मला स्वतःचा इतका राग आलाय!

११ नोव्हेंबर
नळी तशीच. डोळे उघडत नाहीत.

१२ नोव्हेंबर
ताप उतरतोय! थोडासाच, पण उतरतोय.

सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, दुखण्याचा सगळा रकाना रद्द करते. शालूबाईंचे दहा माझे होते, त्यांच्या पोटाचे नव्हते. का रद्द केला तेही प्रबंधात लिहिणार, भिमाबाईंसकट.

आता बॉम्ब पडणार म्हणून खुर्ची घट्ट धरली. सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "लिही. आणि हेही लिही, की 'दोन' ऐकून गाईडसुद्धा पुढच्या खाटेकडे निघून गेला." दुसऱ्याच क्षणी डाफरले — "आणि पहिल्याच पानावर तीन चुका आहेत शुद्धलेखनाच्या! पुण्यात काय शिकलीस?" जरा जिवात जीव आला.

मग वॉर्डात नव्याने फिरले. दुखते का? कुठी दुखते? खोकलल्यावर दुखते का? घरी जायला निघालेल्या शालूबाईंचं तोंड एवढंसं झालं. "आज दहापैकी नाई इचारत?"
"नाई, मावशी."
"जलमभर दुसऱ्यानंच आमाले मार्क देल्ले वं. आमी द्याची पयलीच बारी होती."

म्हटलं, बरं, द्या मार्क. पण आधी पोटाचं सांगा. "पोट? पोट तं पयल्या दिसापासून मस्त हाय!" मग ती इंजेक्शनं, मावशी? "थे तं तुमी खुशीनं देऊन राह्यल्या होत्या. नाई कसं म्हनाव!"

१४ नोव्हेंबर
भिमाबाईंची नळी निघाली! डोळे उघडे आहेत, आवाज अजून नाही. सहदेवकाकांनी कँटीनमधून सगळ्यांना चहा आणला. "कसा हाय बाई?" म्हटलं, चार. पहिल्यांदाच हसले.

१६ नोव्हेंबर
भिमाबाईंनी बोटाने जवळ बोलावलं. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "सात."

सात! म्हणजे दुखतंय? पहिलं काय केलं तर त्यांच्या पोटावर हात ठेवला. मऊ! कापसासारखं मऊ! दुखते का, विचारलं. मान हलवली — नाई. म्हणजे मार्क होते! मले! डोळे भरून आले, तरी म्हटलं, "मंग तीन काऊन कापले?"

"उशीर केला ना वं, पोरी."