दंडातली गाठ

शिरूर, १२ जून १९५८
दौंडहून एस.टी.नं दुपारी पोचलो. जनावरांच्या दवाखान्यात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी, पत्र्याची पण हवेशीर खोली आणि जवळजवळ कोरा सूक्ष्मदर्शक! जेवण हन्नाबाईंच्या खानावळीत. विधवा बाई, फार मायाळू. गिदोन हे नाव ऐकून म्हणाल्या, आपलाच ख्रिस्ती हायेस की, पोटभर जेव. त्यांच्या हातची कांद्याची कोशिंबीर दोनदा मागून घेतली.

४ सप्टेंबर
यवत-वरवंडकडून डुकराच्या मांसाचे नमुने येतात. त्यातला कृमी शोधायचा. पातळ काप दोन काचांमध्ये दाबून उजेडाशी धरायचा. तांदळासारखा फोड दिसला की कोमट पित्तात ठेवायचा. आत जीव असेल तर कृमी डोकं बाहेर काढतो. डोक्याला आकड्यांचं कडं. आज बेचाळीस काप. मान वर होत नाही.

१९ फेब्रुवारी १९५९
डाव्या दंडात वाटाण्याएवढी गाठ. दुखत नाही. डोकं मात्र सारखं ठणकतं. कामाचा शीण असणार.

२२ मार्च
गाठी अकरा. काल कामातच कोसळलो. शिपाई म्हणतो, आधी डावा हात उडत होता, मग तोंडाला फेस आला. आज सरकारी डॉक्टरांनी एक गाठ कापून दिली. ती पित्तात ठेवली आणि शेजारी बसून राहिलो.
चाळीस मिनिटांनी डोकं बाहेर आलं. आकड्यांसकट. माझ्या दंडातून—

२३ मार्च
डॉक्टर म्हणाले, मांस खाऊन कृमी पोटात वाढतो, अशा गाठी होत नाहीत. त्या होतात कृमीच्या अंड्यांनी; मेंदूत झाली तर फेफरं येतं. आणि अंडी येतात, ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या हातून.
नऊ महिने मी एकाच हातचं जेवतोय.

२५ मार्च
हन्नाबाईंच्या शौचाचा नमुना पाहिला. अंडीच अंडी. सांगवत नव्हतं. सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. "चार वर्सं परसाकडंला पांढऱ्या चकत्या पडत्यात रं. बाईमाणसानं सांगायचं कुणाला?" खानावळीची चूल त्यांनी स्वतःच विझवली.

२८ मार्च
आज लेकीला घेऊन आल्या. दबोरा. पहिलटकरीण, सातवा महिना, रोज आईच्याच हातचं जेवणारी. दंड चाचपले. दोन— नाही, पाच. मानेवर एक.
हन्नाबाई विचारतात, "पोटातल्या लेकराला तर न्हाई ना व्हायचं, गिदोना?"
दोघी समोर बसल्यात. माझ्या तोंडाकडे बघतायत. पुस्तकात बघतो म्हणालो, आणि हे लिहितोय. डावा अंगठा आपोआप उडतोय. आता मनगट— सांगायलाच हवं, बाळाला—