राईतला उंबर

प्रिय सुझाना,

हे पत्र तुझ्या भावाच्या, जेराल्डच्या हाती देतोय. त्यानं ते वाटेत फाडलं नाही, तर तुला मिळेल. मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिथल्या गुणाजी भगताच्या ओटीवर बसून लिहितोय. थंडीनं बोटं आखडलीत. अक्षर वाकडं आलं तर हसून घे, तशीही तू हसायचीसच.

नाताळ सरल्यावर जेराल्ड आपणहून आमच्या घरी आलेला. मी कॉलेज सोडल्यापासून तुमच्या घरचं कुणी माझ्याशी धड बोललेलं नाही, आणि हा म्हणतो, "चल रे कॉस्मास, घाटाखालची म्हातारी झाडं बघून येऊ. तुझं डोकं जरा निवेल." त्या प्रोफेसरानं भर वर्गात आपल्या लोकांना अडाणी म्हटलं आणि मी पुस्तक त्याच्या मेजावर आपटून निघालो, यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पण तुझे बाबा म्हणालेले, "ज्याला बाकावर बसवत नाही, तो संसारात काय बसणार?" मला वाटलं, त्यांचा राग उतरला आणि जेराल्ड दिलजमाई करायला आलाय. गाढव मी. खाडीचा पूल ओलांडून आगगाडी डोंबिवलीच्या कापलेल्या खाचरांतून जात होती, तेव्हा मी खिडकीत शीळ घालत बसलेलो.

कल्याणहून बैलगाडी केली. वाटभर सागाचे नुसते बुंधे, वरचं सगळं रुळांखाली घालायला गेलेलं. मग एक ओढा लागला, त्याच्या पलीकडे देवाची राई, आणि तिथे उजेडच संपला. हिरड्या-बेहड्यांचे बुंधे असे, की एकेकाच्या आड अख्खं घर लपावं. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेले. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. राईची राखण करणाऱ्या गुणाजीनं आम्हांला पायताणं बाहेर काढायला लावली आणि बजावलं, इथून वाळकी काटकीही न्यायची नाही, हे सारं देवाचं. एवढं सांगून तो ओढ्याकडे गेला. कुजक्या, गार पानांवरून अनवाणी चालताना वाटलं, ही झाडं आपल्या पणजोबांच्या आधीपासून जागची हललेली नाहीत, आणि मला एका बाकावर दोन वर्षं काढवली नाहीत. तुझे बाबा खरंच बोलले असतील, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. तू सोबत असतीस तर मी ते कबूलही केलं असतं.

मी थोडा पुढे गेलेलो. मागे वळून बघतो तर जेराल्ड गाडीवाल्याच्या कोयत्यानं उंबराची फांदी तोडतोय. लगडलेली, फळांनी वाकलेली फांदी. सुझाना, आपल्या लोकांत उंबराची फांदी तोडून कशासाठी नेतात ते मला कुणी सांगायला नको. मांडवात ती रोवल्याशिवाय आणि तिच्यापाशी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणल्याशिवाय नवरीची आंघोळ होत नाही. आणि जेराल्डच्या घरात लग्नाची मुलगी एकच.

मी त्याची गचांडी धरली. मग त्यानं सगळं ओकलं. तुझं लग्न ठरलंय, कल्याण स्टेशनातल्या तारबाबू सेलेस्टीनशी. परवाच्या रविवारी मी बैलगाडीत डुलक्या घेत होतो, तेव्हा तिकडे पाद्र्यानं देवळात लग्नासाठी तुमची नावं पहिल्यांदा वाचलीसुद्धा. मला झाडं दाखवायची नव्हती, मला त्या देवळापासून लांब ठेवायचं होतं. आणि तुझ्या आईनं जाताजाता सांगितलेलं, जुन्या झाडाची फळलेली फांदी आण, पोरीचा संसार बहरेल.

आमचा आरडाओरडा ऐकून गुणाजी धावत आला, मागून त्याची बायको सखुबाई, मग अर्धी वाडी. तिथला रिवाज असा, की ज्यानं तोडलं त्यानं त्याच झाडाचं रोप लावायचं आणि त्याला नवी पालवी फुटेपर्यंत वाडीत राहून पाणी घालायचं. कुणी तोडली, गुणाजीनं विचारलं. मी म्हणालो, मी तोडली. सखुबाईनं माझे हात उलटेपालटे करून बघितले. जेराल्डच्या हातांना उंबराचा चीक लागलेला, माझे कोरडे. ती म्हणाली, "अगं बाई, चिकाबिगर फांदी तोडतो, मोठाच देव म्हणायचा हा!" सगळे हसले. पण वाडीला पाणी घालणारा हवा होता, तो मिळाला. ती फांदी राईतच राहिली. जेराल्डनं येताना राईबाहेर, ओढ्याकाठच्या उंबराची दुसरी घेतलीय, तिला फळं नाहीत. आईला सांग, कुरकुर करू नका.

तुझ्यावरच्या मायेनं मी नाव घेतलं असं समजू नकोस. जेराल्ड इथे अडकला असता, तर मला ठाण्याला परतावं लागलं असतं. आणि परतलो असतो, तर मी काय केलं असतं ते तुला ठाऊक आहे.

आता लिहायला का बसलो ते सांगतो. पाद्री अजून दोन रविवार नावं वाचतील आणि विचारतील, कुणाची हरकत आहे का. राईत जेराल्डचं बोलणं ऐकलं तेव्हा मी ठरवलेलं, धावत येऊन देवळात ओरडायचं. तसा मी आता येणार नाही. माझी हरकत तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर मला इतक्या लांब आणून टाकलं. तुझी कुणी विचारली नसणार. मीही कधी विचारलं नाही, तुझ्या हसण्यावरून सगळं धरून चाललो. म्हणून आज विचारतोय. तुझी हरकत आहे का गं? असली तर पाद्र्यापाशी तूच बोल. मला कळताक्षणी मी निघेन, मग गुणाजीचा देव माझं काय करायचं ते करो. नसली तर काहीच लिहू नकोस. पत्र आलं नाही की मी समजेन आणि वाट बघणं सोडेन, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं.

अजून तरी तुझाच,
कॉस्मास